मोहना आणि टर्बोची शिट्टी

गेल्या दिवाळीत भावाकडे जेवायला गेले होते. भाच्याचं नुकतंच लग्न झालेलं, नवी सून कौतुकाने सगळं ऐकून घेत होती, आणि भाचा तिला रंगवून सांगत होता, "आमच्या पप्पांनी टर्बो गाडीमागं म्हैस पळवलीती, म्हाईत हाय? अख्खं कोल्हापूर बघत हुतं!" मी समोरच बसले होते. माझा घास हातातच राहिला. मी विलासदादाकडे, म्हणजे माझ्या भावाकडे बघितलं. आता तो काहीतरी बोलेल, निदान हसून तरी "तसं न्हवतं रं" म्हणेल, असं मला वाटलं. त्याने मान खाली घालून रश्श्यात भाकरी कुस्करली आणि म्हणाला काय, तर "मीठ जरा कमी पडलंय का गं आज?" बस्स. पन्नाशी उलटली माझी, गुडघे कुरकुरतात, चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही, पण त्या रात्री घरी येताना अंगाचा असा तिळपापड झाला की विचारू नका. म्हणून हे लिहायला बसले आहे. कुणाला गोड लागो, न लागो.

आमचं घर मंगळवार पेठेत. पुढे दोन खोल्या, मागे गोठा, आणि मधे एक बोळ, इतका चिंचोळा की म्हैस आणि माणूस एकाच वेळी जायचे नाहीत. माणसाने मागे सरायचं. आमच्याकडे मान म्हशींचाच. आप्पा, म्हणजे माझे वडील, सकाळी उठले की आधी गोठ्यात जाऊन एकेकीला नावाने हाक मारायचे, पाठीवरून हात फिरवायचे, मग आम्हा पोरांकडे वळायचे. धारेचा आवाज ऐकतच मी जागी व्हायची. रिकाम्या बादलीत पहिल्या धारा टणटणीत वाजायच्या, बादली भरत आली की तोच आवाज जड व्हायचा, आणि त्यावर स्वयंपाकघरातून आईच्या भाकरीची थाप. न्याहारीला ताज्या ताकात कुस्करलेली भाकरी, कांदा आणि तव्यावरचा ठेचा. म्हैस व्यायली की घरात खरवस. आई त्यात गूळ आणि वेलदोडा घालायची आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी वाटी पाठवायची; आमच्या वाट्याला कडेची खरवड यायची. तीही भांडून. आता डब्यातला खरवस मिळतो म्हणे. मी एकदा आणला आणि चार चमच्यांत कंटाळले.

गाडी आली ती एका म्हशीच्या व्यवहारातून. शिरोळकडच्या एका ऊसवाल्या बागायतदाराच्या पोराने हौसेने एक छोटी गाडी घेतली होती. तीच, आठशे सीसीची, तेव्हा डॉक्टर-वकिलांच्या दारात दिसायची ती. पण याला साधी गाडी पुरेना. त्याने पुण्यातल्या कुणा हौशी मेकॅनिककडून तिला टर्बो बसवून घेतला, चाकं रुंद केली, बॉनेटवर हवा घ्यायला एक नाकपुडी काढली आणि दोन्ही दारांवर लाल अक्षरांत 'टर्बो' लिहून घेतलं. मग एका वळणावर गाडी आणि पोरगा दोघे उसात शिरले. पोराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण बाप इतका भडकला की गाडी दारात नको म्हणाला. तो आप्पांकडे म्हैस बघायला आला होता. बोलता बोलता ठरलं काय, तर आप्पांनी एक गाभण म्हैस द्यायची आणि ही गाडी घ्यायची. गुडघेदुखीने सायकलवर दुधाचे कॅन लादणं आप्पांना झेपत नव्हतं, तेव्हा त्यांच्या दृष्टीने सौदा सरळ होता. आई मात्र गाडीभोवती एक फेरी मारून आली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "हिला धुवायला पाणी लागतंय, खायाला पेट्रोल लागतंय, आणि शेणसुदीक देत न्हाय. म्हैस दिऊन हे डबडं आणलंसा व्हय?"

दादा तेव्हा एका गॅरेजात कामाला होता. गाडी आली तशी ती त्याचीच, हे कुणी न बोलता ठरून गेलं. मागची बाकडी काढून त्याने कॅनसाठी जागा केली आणि पहिल्या दिवशी ऐटीत दूध घालायला निघाला. टर्बोचा स्वभाव काय असतो ते सांगायला हवं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक छोटंसं चाक गरागरा फिरवतो आणि ते चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. पण ते फिरायला जरा वेळ लागतो. पाय दाबला की आधी काहीच होत नाही, गाडी ऐकलंच नाही अशी चालत राहते, आणि मग एकदम मागून कुणी ढकलल्यासारखी उधळते. दादा काहीच होत नाही म्हणून पाय आणखी दाबायचा, आणि मग ती उधळली की घाबरून ब्रेक मारायचा. पहिल्याच दिवशी दोन कॅन आडवे झाले, आणि सीटखालून दुधाचा असा वास सुटला की पुढचे कित्येक दिवस पेठेतली मांजरं गाडीखालीच मुक्कामाला होती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दादा म्हणाला की गॅरेजात काम फार आहे.

मग मी शिकले. कळंब्याच्या रस्त्याला आप्पा शेजारी बसायचे, त्यांना स्वतःला चालवता येत नव्हती तरी सूचना भरपूर. मला त्या गाडीचं वेड लागलं, हे सरळच सांगते. मागे दूध असलं की हिसका देऊन चालत नाही, म्हणून मी आधीपासून हलकेच पाय टेकवून ठेवायला शिकले. टर्बो जागा होतो तेव्हा एक बारीक शिट्टी सुरू होते. ती शिट्टी चढत जाते, चढत जाते, आणि पाय उचलला की 'फुस्स' करून सुस्कारा टाकते. ती शिट्टी ऐकून मला कळायचं की आता जोर येणार. चढावर शिट्टीच्या अंदाजाने गिअर टाकायचा आणि कॅनमधल्या दुधाला पत्ताही लागू द्यायचा नाही. पेठेतली पोरं कोपऱ्यावर उभी राहून ओरडायची, "शाले, पळीव की!" आणि मी पळवायची. परकर-पोलक्यातून नुकती पंजाबी ड्रेसात आलेली मी, कॉलेजच्या आधी दूध घालून यायची आणि परतताना सरकी पेंडेचं पोतं घेऊन यायची. त्या दिवसांइतकं मोकळं मला पुढे कधी वाटलं नाही. संसार चांगला झाला माझा, तक्रार नाही, पण हे वेगळं.

आता मोहना. मोहना आमची सगळ्यांत देखणी म्हैस, पंढरपुरी, तलवारीसारखी शिंगं पाठीपर्यंत गेलेली. आणि तितकीच हट्टी. दावं ओढलं तर पाय रोवून उभी. पण तिच्या ध्यानात एक गोष्ट पक्की बसली: शिट्टी वाजली की पेंड येते. मी बोळाच्या तोंडाशी वळायच्या आधीच तिचे कान उभे व्हायचे. एकदा तिने दावं तोडलं आणि थेट रस्त्यावर येऊन गाडीच्या मागे धावत घरापर्यंत आली. आई दारात होती. तिने तोंडाला पदर लावला आणि हसत सुटली. आप्पा हसले नाहीत. ते मोहनाकडे आणि गाडीकडे आळीपाळीने बघत राहिले, आणि त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला तेव्हाच कळलं.

कारण पाडवा जवळ आला होता. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात, हे कोल्हापुरात राहणाऱ्याला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. म्हशीला भादरून, तेल लावून काळीभोर करायची, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्याला मोरपिसं, पायात घुंगरू. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर बसतो, जागच्या जागी मूठ पिळून फाडफाड आवाज काढतो, आणि त्याची म्हैस दाव्याशिवाय, त्या एका आवाजामागे, गर्दीतून धावत सुटते. शंभर गाड्या फाडफाडत असल्या तरी तिला आपल्या गाडीचा आवाज बरोबर कळतो. जिची ऐट आणि इमान सगळ्यांत जास्त, तिच्या मालकाला पंच फेटा बांधतात. आणि पाडव्याला जो म्हैस पळवतो, त्याच्याच नावाने ती वर्षभर ओळखली जाते. अमक्याची म्हैस, तमक्याची म्हैस. गोठ्यात शेण कोण काढतं, पेंड कोण घालतं, याला काही किंमत नाही.

जेवताना आप्पांनी विषय काढला. यंदा मोहनाला गाडीमागं पळवायची. आजवर कुणी केलं नाही असं काहीतरी. मी लगेच म्हणाले, "मी चालवतो." आमच्याकडे बायकासुद्धा 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. पुरुषासारखं बोललेलं कुणाला खटकत नाही, पुरुषासारखी गाडी चालवली की मात्र सगळ्यांच्या पोटात दुखतं. आप्पा म्हणाले, "पंचास्नी इच्यारतो." ते विचारून आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "गाडी चालंल म्हन्त्यात. पर बाईमाणसानं पाडव्याच्या म्हशीफुडं जायाचं न्हाय."

"का?" मी विचारलं.

"रीत न्हाय."

"आन् गाडीमागं पळवायची रीत हाय व्हय, आप्पा?"

आप्पांनी तांब्या उचलून पाणी प्यायला सुरुवात केली. आई म्हणाली, "अवो, ती म्हैस हिच्या गाडीमागं येतीया. इलासला कुटं वळकती ती?" दादा म्हणाला, "आगं, गाडीचा आवाज वळकती की. गाडी तीच, आवाज तोच. माणसाचा काय संबंध?" किती सहज म्हणाला! रोज दूध घालायचं त्याला जमलं नाही, चार माणसांत मिरवायचं म्हटल्यावर मात्र माणसाचा संबंध नाही. मी ताटावरून उठले. आजही ते वाक्य आठवलं की तसंच उठून जावंसं वाटतं.

पाडव्याच्या दिवशी मोहनाला सजवलं मी आणि आईने. शिंगांना रंग मी दिला, भादरताना ती हलू नये म्हणून तिच्या कानाशी गुणगुणत मी उभी राहिले. दादाने नवा शर्ट घातला. मैदानात हलगी कडाडत होती, कर्ण्यावरून कुणीतरी नावं पुकारत होतं, करंज्या-चकल्यांचे डबे घेऊन बायका कडेला बसल्या होत्या आणि गाड्यांच्या धुराने डोळे चुरचुरत होते. आमचं नाव पुकारलं. दादा गाडीत बसला, आप्पांनी मोहनाचं दावं सोडलं. आणि दादाने काय करावं? आयुष्यभर मोटारसायकलवाल्यांना बघितलेलं, तेच केलं. गाडी जागेवर उभी, आणि हा पाय दाबून इंजिन नुसतं गुरगुरवतोय! टर्बोची शिट्टी काय जागेवर वाजते? गाडीवर ओझं पडलं, ती चढाला लागली, पळू लागली, की मग ती वाजते. नुसता आवाज मोठा केला की म्हैस येते, ही आमच्या पेठेची पिढ्यान् पिढ्यांची समजूत, आणि ती या गाडीला लागू नव्हती. मोहना शांतपणे रवंथ करत उभी. दादाने आणखी जोर केला, मोहनाने शेपटी उडवून शेण टाकलं. पलीकडच्या गल्लीतली पोरं ओरडली, "अरं, म्हैस झोपली रं!" सगळं मैदान हसलं. मग दादाने चिडून क्लच सोडला, गाडी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली.

मी कडेला उभी होते. आप्पा गर्दीतून माझ्यापर्यंत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "जा. तू बस." एवढंच. पंच काही बोलायच्या आत मी गाडीपाशी पोचले. दादाला खाली उतरायची लाज वाटली असणार, तो दार उघडून बाहेर आला तो सरळ टपावर चढून मांडी घालून बसला. मी स्टिअरिंगवर बसले, चावी फिरवली, पहिला गिअर टाकला, हलकेच पाय टेकवला, गाडी सरकू दिली, दुसरा टाकला, आणि शिट्टी सुरू झाली. मी आरशात बघितलं. मोहनाचे कान उभे झाले. तिने मान वर केली आणि निघाली. काय निघाली! घुंगरं झणझणत, मोरपिसं थरथरत, तोंड बरोबर मागच्या काचेला लागेल इतक्या अंतरावर. मी वेग वाढवला, तिने वाढवला. मैदानाच्या टोकाला पाय उचलला, 'फुस्स' झालं, आणि ती जागच्या जागी थांबली. वळून परत आणली तशीच. हलगीवाल्यांनी हलगी सोडून टाळ्या वाजवल्या. आणि टपावर बसून विलासदादा दोन्ही हात हलवत होता.

बक्षीस मोहनाला मिळालं. कर्ण्यावरून पुकारा झाला, "इलास ज्ञानदेव गवळी यांची म्हैस मोहना!" दादाला व्यासपीठावर बोलावून फेटा बांधला. आप्पा मोहनाचं दावं धरून खाली उभे होते, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, कुणीतरी बोलेल. हजारो माणसांनी बघितलं होतं. आईनेच तेवढं तोंड उघडलं, भर मैदानात, व्यासपीठाखाली जाऊन म्हणाली, "आवं, गाडी माझ्या शालीनं चालवली की!" त्यावर पंचांतले एक काका, ज्यांच्या घरी मी रोज दूध घालायची, ते हसत म्हणाले, "वैनी, गाडी काय, कुनीबी चालवंल. पोरगी नुसती बसलीती आत. म्हैस पळवली ती इलासनं. समद्यांनी बघितलंया." दादाने ऐकलं. फेट्याचा शेमला सारखा केला.

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी रडले नाही, एवढं नक्की. गाडीत बसले, चावी फिरवली आणि मैदानाबाहेर काढली. रस्त्याला लागताच दुसऱ्या गिअरमध्ये पाय टेकवला आणि शिट्टी अशी चढवली, जशी मी आधी कधी चढवली नव्हती. मागे आरडाओरडा झाला. आप्पांच्या हातून दावं सुटलं होतं. फेटेवाला मालक व्यासपीठावर, आणि त्याची म्हैस माझ्यामागे चौकाकडे! रिक्षा कडेला झाल्या, फटाक्यांच्या दुकानातली माणसं बाहेर आली, एक बाई पिशवी टाकून पायरीवर चढली. चौकात हवालदाराने दोन्ही हात आडवे करून मला थांबवलं. मोहना थांबली आणि खिडकीतून तोंड आत घालून पेंड शोधू लागली.

हवालदाराने आधी म्हशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. एवढ्यात आप्पा, दादा, ते पंचकाका आणि त्यांच्यामागे अर्धं मैदान धापा टाकत आलं. हवालदाराने विचारलं, "गाडी कोन चालवतंय ही?"

आप्पा सवयीने म्हणाले, "पोरगा चालवतोय माझा. ही नुसती..."

"म्हैस पळवली ती बी ह्यानंच," पंचकाका म्हणाले. "ह्यो बगा की फेटा."

"बरं," स्टिअरिंगवर बसलेल्या मला बघत हवालदार मिशीत हसला आणि दादाकडे वळला. "लायसन दाव."

दादाचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याने लायसन कधी काढलंच नव्हतं. काढू की, काढू की, यातच राहून गेलं होतं. मी मात्र उन्हाळ्यातच काढलं होतं, कारण दुधाची गाडी रोज याच चौकातून जायची.

"न्हाय? बिगर लायसनची गाडी चालवतोस, वर म्हैस पळवतोस? चल ठाण्यात. गाडी बी जमा हुईल."

दादाचा चेहरा पांढरा पडला. त्याने भर चौकात, पंचांसमोर, अख्ख्या पेठेसमोर दोन्ही हात जोडले. "सायेब, मी न्हाय! आईशप्पत मी न्हाय! गाडी हीच चालवतीया, रोज हीच चालवती. मगाशी मैदानात बी हीच चालवत हुती. मी टपावर नुसता बसलतो!"

पंचकाका चपलेकडे बघू लागले. हवालदाराने माझ्याकडे हात केला, मी लायसन दिलं. त्याने ते उन्हात धरून मोठ्याने वाचलं, "शालन ज्ञानदेव गवळी." दिवसभर त्या कर्ण्यावरून जे एकदाही आलं नाही, ते नाव एका अनोळखी माणसाने घेतलं. माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून खरं निघायला ठाण्याची भीती लागली, याचा संताप मला आजही आवरत नाही.

हवालदाराने लायसन परत दिलं, शिट्टी फुंकून चारी बाजूंच्या गाड्या थांबवल्या आणि मला वाट करून दिली. "चला पावणं," तो म्हणाला, "न्या तुमची म्हैस."